गुणवंतभाऊंचा ए.सी. आणि मूर्तिजापूरचा चढ

गुणवंतभाऊ गावंड्यांच्या गाडीचा ए.सी. थंड करत नाही, ही गोष्ट अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होती. बडनेऱ्याच्या पेरूवाल्याला माहीत होती, मूर्तिजापूरच्या चहावाल्याला माहीत होती, भाऊंच्या ऑफिसातल्या शिपायाला तर पाठ होती. फक्त त्या ए.सी.ला माहीत नव्हती. पण हे आम्हाला कळेपर्यंत कितीतरी उन्हाळे गेले, आणि कळलं तेव्हा हसायची सोय राहिली नाही.

आमच्याकडे नोकरी अकोल्याला आणि घर अमरावतीला, हा प्रकार गल्लोगल्ली आहे. सरकार म्हणतं, मुख्यालयी राहा. आम्ही म्हणतो, हो साहेब, आणि ऑफिस सुटलं की पर्स उचलतो. याला अपडाऊन म्हणतात. अपडाऊनची गाडी म्हणजे चालता संसार. जागा ठरलेल्या, रुसवे ठरलेले, कोण कुठे घोरणार तेही ठरलेलं. भाऊंच्या गाडीत मागे आम्ही तिघं. डावीकडे मी, उजवीकडे कॉलेजात भूगोल शिकवणारे ढोके सर, आणि मध्ये बँकेतला अतुल, कारण तो वयानं लहान आणि पाय दुमडून बसायला राजी. पुढे स्टिअरिंगवर भाऊ आणि त्यांच्या शेजारी विमलकाकू, म्हणजे भाऊंच्या मिसेस. काकू मूर्तिजापूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. मूर्तिजापूर अर्ध्या वाटेवर. सकाळी काकू तिथे उतरायच्या आणि संध्याकाळी परत येताना आम्ही त्यांना तिथूनच घ्यायचो.

गाडी मूळची पांढरी होती, असं तिच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं. भाऊ तिला ‘बुढी’ म्हणत. भाऊ स्वतः उंच, गळ्यात बारा महिने दुपट्टा, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. नोकरी पाटबंधारे खात्यात. धरणात पाणी किती, असं विचारलं तर फाइल बघून सांगायचे. गाडीत गॅस किती, हे मात्र न बघता सांगायचे. आणि बोलायचे असे की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरापासून पोटापर्यंत जगातली सगळी दुखणी या माणसाला गाडीच्या बॉनेटखाली सापडली आहेत.

रोज सकाळी निघताना एक विधी व्हायचा. भाऊ गाडी सुरू करायचे, डॅशबोर्डवर दोन थापा मारायचे आणि हात वर करायचे.

“गप बसा थोडं. अतुल, तुहा मोबाइल बंद कर लेका.”

आम्ही श्वास रोखून बसायचो. भाऊ बटण दाबायचे. बॉनेटखालून बारीकसा ‘टक’ असा आवाज यायचा.

“आयकलं? टक झालं. टक झालं म्हंजे क्लच लागला. क्लच लागला म्हंजे कंप्रेसर जित्ता हाय.”

“मग थंड काहून नाई करत?” ढोके सर विचारायचे.

“ते येगळं दुखणं हाय सर. पेशंट जित्ता हाय, हे तं पाहू द्या आधी.”

आणि मग दुखण्याचं नाव निघायचं. सोमवारी गॅस कमी असायचा. मंगळवारी कंडेन्सरच्या जाळीत कापसाचे तंतू अडकलेले असायचे, कारण पुढून कापसाची गाडी गेली होती. बुधवारी बेल्ट घसरत असायचा. गुरुवारी ब्लोअर फिरायचा पण ‘मनापासून’ फिरायचा नाही. शुक्रवारी कंपनीचीच चूक असायची. “या कंपनीवाल्यायनं गाडी बनवली तिकडे, समुद्राच्या काठावर. त्यायले काय माहीत अकोल्याचं ऊन कसं रायते?” हे मात्र आम्हाला सगळ्यांना पटायचं. अकोल्याच्या उन्हाचा आम्हाला त्रास होतो त्यापेक्षा अभिमान जास्त आहे.

या सगळ्या काळात काकूंची काच अर्धी उघडी असायची. त्यांची चार बोटं त्या काचेच्या कडेवर, बाहेरच्या बाजूला. डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला, नजर समोर. काकू गाडीत बोलायच्या नाहीत. बोलल्या तर पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या, की आम्हाला आमच्या भाषेची लाज वाटावी. आणि त्या अर्ध्या काचेतून एप्रिलची झळ अशी आत यायची की वेंटातून निघालेला गारवा माझ्यापर्यंत पोचायच्या आत भाजून निघायचा.

तुम्ही म्हणाल, मग काच बंद करा म्हणायचं. म्हटलं होतं ना! पहिल्याच उन्हाळ्यात मी म्हटलं होतं. भाऊंनी गाडी बाजूला घेतली, मागे वळले आणि मलाच विचारलं.

“मंदाताई, तुमच्या घरी कूलर हाय?”

“आहे की.”

“कूलर लावता तवा खिडकी उघडी ठेवता का लावून घेता?”

“उघडी ठेवते. नाहीतर खोलीत दमट होतं, अंग चिकट होतं.”

“का बरं?”

“हवेला बाहेर जायला वाट पाहिजे.”

“झालं मंग! तुमीच सांगतलं. हवा निघाले जागा नाई भेटली तं नवी हवा येईन कोठून?”

मला पटलं. ढोके सरांनाही पटलं. आम्ही वऱ्हाडातली माणसं, कूलरच्या घरघरीत झोपणारी. उन्हाळा लागला की आधी वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, मग पाण्यातला टिल्लू पंप साफ करायचा, मग खिडकी किती बोटं उघडी ठेवायची यावर घरात भांडण काढायचं. खिडकी उघडी ठेवणं हा आमचा धर्म. पुण्याचा माणूस असता तर म्हणाला असता, अहो, ए.सी. वेगळा आणि कूलर वेगळा. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. भूगोलाच्या प्राध्यापकाच्यासुद्धा नाही, आणि त्यांनी वाऱ्यांवर पुस्तक लिहिलेलं आहे!

खरं तर शंका यायला हवी होती, कारण दुसऱ्याच्या गाडीचा ए.सी. म्हटला की भाऊ एकदम वेगळे व्हायचे. आमच्या कॉलनीत कुणाचीही जुनी गाडी गरम हवा फेकायला लागली की ती भाऊंच्या दारात उभी. ढोके सरांचे साळे, म्हणजे मेहुणे, शेंदूरजनाघाटचे, संत्र्याचे बागवान. त्यांच्या गाडीत हवाच येईना. ब्लोअर गरगरतो आणि वेंटातून मांजर फुंकर मारते तेवढी हवा. शोरूमवाल्यानं त्यांना ब्लोअर बदला, वायरिंग बदला, जमल्यास गाडी बदला, असं सांगितलं होतं. भाऊंनी सामानाचा कप्पा काढला, आत हात घातला आणि फिल्टर बाहेर ओढला. फिल्टर कसला, गादीच! संत्र्याची वाळकी पानं, धूळ, आणि मधोमध उंदरानं केलेलं घर.

“दादा, तुमी बगीचा इकडे बी लावला काय?” भाऊ म्हणाले. नवा फिल्टर घातला आणि साळेबुवांची टोपी उडाली.

शेजारच्या देशमुखांच्या गाडीत पायाखाली पाणी साचायचं आणि ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. देशमुख वहिनींना वाटायचं, नातवानं केलं. नातवाला बिचाऱ्याला आठवडाभर बोलणी बसली. भाऊंनी गाडीखाली आडवं होऊन एका नळीत तार घातली, आणि भळभळ पाणी रस्त्यावर आलं. ए.सी.चं पाणी बाहेर जायची ती नळी मातीनं बुजली होती. “ए.सी. चालला तं पाणी खाली पडालेच पायजे. गाडीखाली वल्लं दिसलं तं समजा तब्येत बरी हाय,” एवढं सांगून भाऊ हात धुवायला गेले. वहिनींनी नातवाची माफी मागितली की नाही ते माहीत नाही.

असा हा धन्वंतरी. अख्ख्या कॉलनीची दुखणी काढायचा आणि स्वतःच्या बुढीपुढे रोज हात टेकायचा. आम्ही चेष्टा केली की म्हणायचा, “डॉक्टर आपल्या घरच्याचं ऑपरेशन करते काय? हात थरथरते बापा.”

आता त्या चढाचं सांगते, कारण सगळी गंमत त्या चढात आहे.

बुढीचा ए.सी. थंड करायचा. पण कुठे? तर सकाळी मूर्तिजापूर सोडलं की अकोल्यापर्यंत. काकू शाळेपाशी उतरल्या की भाऊ म्हणायचे, “आता बायपासची धूळ लागते, काच वर घ्या.” आम्ही काच घ्यायचो आणि बोरगाव येईपर्यंत ढोके सरांना डुलकी लागायची. संध्याकाळी पण तेच. अकोला ते मूर्तिजापूर थंडगार. मूर्तिजापूरला काकू बसल्या की पुढे अमरावतीपर्यंत तवा.

ढोके सर अभ्यासू माणूस. त्यांनी हा प्रश्न विज्ञानाच्या अंगानं घेतला. बॅगेत थर्मामीटर आणला. गावागावाला आकडे घेतले. आणि एक दिवस भाऊंना धरलं.

“भाऊ, मूर्तिजापूर ते अकोला थंड आणि अमरावती ते मूर्तिजापूर गरम. हे कसं काय?”

“चढ हाय सर,” भाऊ म्हणाले. “अमरावतीवून मूर्तिजापूरले येतो तवा चढ लागते. इंजिनवर लोड येते. कंप्रेसरले ताकद कमी पडते.”

“बरं. मग संध्याकाळी मूर्तिजापूरहून अमरावतीला जाताना तो उतार झाला पाहिजे ना?”

भाऊंनी आरशातून मागे पाहिलं. एक गिअर बदलला.

“तवाबी चढच हाय.”

“जातानाही चढ, येतानाही चढ?”

“सर, तुमी नकाशात शिकवता. मी गाडी चालवतो. गाडीच्या खालून रस्ता कसा लागते, ते नकाशात दिसते काय?”

अतुलनं तोंडात रुमाल कोंबला. काकूंची बोटं काचेवर जराशी आवळली, एवढं मी पाहिलं. मला वाटलं, नवऱ्याच्या अडाणीपणाची लाज वाटली असेल. ढोके सर महिनाभर त्या चढावर विचार करत होते. थर्मामीटर हातात धरून विचार करत होते, आणि काकूंची काच त्यांनी एकदाही पाहिली नाही. मीही पाहिली नाही, हे वेगळं सांगायला नको.

गाडीचा डॉक्टर अकोल्याला होता, जब्बारभाई. बुटका, पोट सुटलेला, आणि बोलण्यात असा गोड की बिल देतानाही माणूस शुक्रिया म्हणायचा. भाऊ दर उन्हाळ्यात आम्हाला सगळ्यांना घेऊन त्याच्याकडे जायचे. जब्बारभाई बॉनेट उघडायचा, नळ्यांना साबणाचा फेस लावायचा, फुगा येतो का बघायचा, कपाळावर हात मारायचा.

“साहेब, बहोत पुरानी बीमारी है. लीकेज दिसून नाई राहिला, पण हाय.”

“पाहा!” भाऊ आमच्याकडे बघून म्हणायचे. “म्या सांगतलं नोतं?”

मग दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून काहीतरी कुजबुजायचे. आम्ही निंबाखाली उसाचा रस पीत बसायचो. गाडी निघायची ती जशीच्या तशी.

शेवटी एका वर्षी एप्रिल लागताच ढोके सरांचा संयम सुटला. त्यांच्या कॉलेजातल्या एका नव्या मास्तरानं नवीकोरी गाडी घेतली होती आणि त्याला अपडाऊनला तीन माणसं हवी होती. सर त्या गाडीत एकदा बसून आले आणि आम्हाला असं वर्णन ऐकवलं, जसे काश्मीरहूनच आलेत. अंगावर शाल घ्यावी लागली म्हणे! ऊन आतापासूनच मे महिन्यासारखं होतं. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. ऊन लागून मला नुकतीच सलाइन लावावी लागली होती. मीही सरांच्या बाजूनं झाले.

“भाऊ, एक तर ए.सी. नीट करा, नाहीतर आम्ही तिकडे जातो,” सरांनी सांगून टाकलं.

भाऊंचा चेहरा उतरला. “तुमी तिघं गेले तं मले येकट्याच्या भरोशावर गाडी काढता येत नाई सर. अन् गाडी नाई काढली तं…” काकू खिडकीबाहेर पाहत होत्या. मला वाटलं, पेट्रोलच्या वर्गणीचं रडगाणं.

पुढचे रविवार भाऊंनी टोलवले. एका रविवारी कुणाची तेरवी निघाली, दुसऱ्या रविवारी कुणाचं साक्षगंध म्हणजे साखरपुडा. एकदा तर रिद्धपूरला जायचं म्हणाले, देवदर्शनाला, आणि संध्याकाळी चौकात भाजी घेताना दिसले. मग ढोके सर न सांगताच बडनेरा रोडचा एक ए.सी.वाला घेऊन थेट त्यांच्या दारात हजर झाले. मला आणि अतुलला साक्षीदार म्हणून बोलावलेलं.

त्या ए.सी.वाल्यानं घड्याळासारखं यंत्र नळ्यांना लावलं. गाडी सुरू केली. पुन्हा पाहिलं. मग टोपी मागे सरकवून म्हणाला, “याच्यात काईच खराबी नाई. गॅस फुल हाय. काचा लावा बरं.”

चारही काचा लागल्या. ढोके सर आत बसले. थोड्या वेळानं दार उघडून बाहेर आले तर चष्म्यावर धुकं! सरांना समोरचं दिसेना, पण विजय दिसत होता.

“भाऊ! तुम्ही काच उघडी ठेवून ए.सी. चालवत होता! इतकी वर्षं!”

“ए.सी.ले कूलर समजले काय काकाजी?” ए.सी.वाला म्हणाला, आणि कॉलनी जी हसत सुटली ती सुटलीच. देशमुख वहिनी पोट धरून गेटवर बसल्या. कुणी म्हणालं, गाडीत वाळ्याची ताटीच लावा. कुणी म्हणालं, टपावर पाण्याची टाकी पण ठेवा.

मी भाऊंकडे पाहत होते. हा माणूस बँकेच्या मॅनेजरशी, तहसीलदाराशी, आंब्याच्या भावावरून म्हातारीशी भांडलेला. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण ते सगळ्यांबरोबर हसले.

“बह्याड आहो बापा मी. मले काय माहीत? आमी कूलरवाले लोकं.”

दारात काकू पन्ह्याच्या ग्लासांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत.

सोमवारी सकाळी ढोके सरांनी गाडीचा ताबाच घेतला. “चला, काचा वर!” काकू बसल्या. त्यांनी एकदा भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, “सर, थोडी राहू द्या ना…” सर म्हणाले, “आता बस झालं तुमचं कूलरशास्त्र.” काकूंनी स्वतःच हात पुढे केला आणि काच वर केली. टक झालं. गाडी थंड झाली. मागे आम्ही तिघं खूश, अतुलनं गाणंसुद्धा गुणगुणायला घेतलं.

बडनेरा सुटलं आणि भाऊंनी ब्रेक दाबला. काकू दाराची कडी ओरबाडत होत्या. कडी सापडत नव्हती, हात नुसते काचेवर फिरत होते. घशातून आवाज निघत होता, पण शब्द नव्हता. भाऊंनी पलीकडून धावत येऊन दार उघडलं आणि काकू रस्त्याच्या कडेला बाभळीखाली मातीत बसल्या. त्या उन्हात त्यांचे ओठ पांढरे पडलेले. भाऊ उकिडवे बसून दुपट्ट्यानं वारा घालत होते आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, “बाहेर हाय विमल. बाहेर हायेस तू. हे पाय, वावर हाय समोर.”

ढोके सरांनी पाण्याची बाटली उघडून पुढे केली.

पाणी पिऊन काकू बोलल्या. आणि त्यांचं ते पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं.

“मी हिवरखेडची. आमच्या घरी कापसाची खोली होती. भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवत ना, पार आढ्याले टेकेपर्यंत. आमी पोट्टे माळ्यावरून त्याच्यात उड्या मारत होतो. एक दिवस मी मारली अन् खालीच गेली. वरून दुसऱ्या पोट्ट्यायनं मारल्या. कापसात वरडलं तं आवाज निघत नाई वो. तोंड उघडलं का कापूसच आत जाते. बाबानं पायाले धरून वढली. तवापासून मले बंद जमत नाई. गर्दीनं भरली बस नाई जमत, रेल्वेचा डबा नाई जमत. यायनं गाडी घेतली ते माह्यासाठी. नाईतं माही नोकरी कवाच गेली असती.”

“मग सांगायचं ना काकू,” मी म्हटलं.

“शाळेत पोरीयले रोज सांगते, घाबरू नोका. अन् बाईच काचेले घाबरते, हे कसं सांगू?”

भाऊ मान खाली घालून मातीत काडीनं रेघा मारत होते. “म्या म्हटलं, बुढीवर ढकलून देऊ,” ते म्हणाले. “लोकं बुढीले हासले तं हासू द्या. बुढीले काय वाटते?”

मला तिथे त्या रस्त्याच्या कडेला रडू आलं. स्पष्टच सांगते. जो माणूस दुसऱ्याच्या गाडीतलं उंदराचं घर बसल्या जागी शोधतो, त्यानं कालच सगळ्या कॉलनीसमोर स्वतःला बह्याड म्हणवून घेतलं होतं, आणि वर हसला होता.

आम्ही परत गाडीत बसलो. भाऊंनी गाडी सुरू केली. तेव्हा ढोके सरांनी आपल्या बाजूची काच खाली केली, पार शेवटपर्यंत. घसा खाकरला आणि वर्गात सांगतात तशा आवाजात म्हणाले,

“भाऊ, त्या कालच्या पोट्ट्याचं यंत्र खराब होतं. गॅस कमीच आहे गाडीत. आणि इथून मूर्तिजापूरपर्यंत चढ आहे, हे मी नकाशात पाहिलं.”

काकूंची चार बोटं काचेवर आली. त्या दिवशी त्या पहिल्यांदा मागे वळून आमच्याकडे बघून हसल्या.

त्यानंतर खोटं बोलण्यात आमची गाडी सगळ्या हायवेवर एक नंबर झाली. नव्या गाडीवाल्या मास्तराला ढोके सरांनी कळवलं, “मला ए.सी.नं सांधे धरतात.” कॉलनीत अतुलनं बातमी पसरवली की त्या रविवारी गॅस होता, पण सोमवारी बडनेऱ्यापाशी पुन्हा लीक झाला. मी संध्याकाळी घरी रोज घामाघूम पोचायची आणि बुढीच्या नावानं बोटं मोडायची. जब्बारभाईला हे कळलं तेव्हा तो आमच्यासाठी उसाचा रस स्वतः घेऊन आला. “मॅडम, मेरेको पहिल्या दिवसापासून मालूम था,” तो म्हणाला. “साहेबनं सांगतलं होतं, जब्बार, इलाज मत कर, सिर्फ बीमारी बता.”

मग एकेक जण रिटायर झाला. अपडाऊन संपलं. बुढी भाऊंच्या फाटकात उभी असायची आणि काकूंना घेऊन संध्याकाळी चारही काचा उघड्या टाकून कॉलनीतून एक चक्कर मारायची.

यंदाच्या मे महिन्यात भाऊंच्या छातीत दुखलं. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, नागपूरला हलवा, आत्ताच. मी आणि ढोके सर पोचलो तेव्हा भाऊंना अँब्युलन्समध्ये चढवलं होतं. नाकातोंडावर मास्क, हाताला सलाइन. गाडी नवीकोरी, आतून बर्फासारखी गार, सगळ्या काचा बंद. आणि मागच्या दारापाशी काकू उभ्या होत्या. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. आत नवरा, आणि त्यांचा पाय उचलेना.

“बसा ना मावशी, उशीर होते,” ड्रायव्हर म्हणाला.

काकूंनी दांडा घट्ट धरला होता. त्यांचे ओठ पांढरे पडायला लागलेले मी पाहिले.

भाऊंनी मान वळवली. सलाइन नसलेला हात वर केला आणि मास्क बाजूला ओढला. नर्स ओरडली. भाऊंनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

“ड्रायव्हर,” ते म्हणाले. आवाज अगदी खोल गेलेला. “टक झालं नाई. तुह्या ए.सी.त गॅस कमी हाय बापा. ते साइडची काच सरकव.”

“काकाजी, परवाच सर्व्हिसिंग झालं! फुल थंडा हाय.”

“गाडीखाली पाय. पाणी नाई पडून राहिलं.”

गाडीखालून धार लागली होती. ड्रायव्हरनं खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“लीक आहे,” मी म्हणाले. “काच उघड.”

“आणि नागपूरपर्यंत चढ आहे,” ढोके सर म्हणाले. त्यांचा चष्मा ओला झाला होता. “ए.सी. टिकणार नाही. मी भूगोलाचा प्राध्यापक आहे.”

ड्रायव्हरला वाटलं असेल, पेशंट एक नाही, तीन आहेत. पण त्यानं आत जाऊन काच सरकवली. झळ आत शिरली. नर्सनं कपाळाला आठ्या घातल्या. काकूंनी पदर खोचला, दुसरा पाय उचलला आणि आत चढल्या. भाऊंनी मास्क परत नाकावर ओढून घेतला.

दार लागलं. गाडी निघाली, चौकातून नागपूरच्या रस्त्याला वळली. भाऊ परत आले नाहीत. वळताना ती उघडी काच आमच्या बाजूला आली, आणि त्या काचेच्या कडेवर काकूंची चार बोटं होती.